सूर्याकडे पाठ

“बन वाटायचे म्हणजे वाटायचेच,” गुनवोर म्हणाली. “दरवर्षीसारखे. आणि कुणीही घरी राहायचं नाही. खाटेवरची माणसंसुद्धा टेकडीवर आली पाहिजेत.”

माझ्या हातात झारा होता आणि समोर कढईत तेल तापलेलं. खोटं कशाला बोलू, तो झारा तिच्या डोक्यात घालावा असं वाटलं मला.

“परवापासून सिग्ने सापडत नाही,” मी म्हणाले, “आणि तुला बन सुचतायत?”

“हो. तेल फार तापलंय, आच कमी कर.”

एवढं बोलून ती खिडकीशी गेली आणि बाहेरच्या काळोखाकडे बघत उभी राहिली. सकाळचे नऊ वाजले होते, पण बाहेर मध्यरात्रीसारखा अंधार. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी आच कमी केली. करते काय? पोलीस होती ना ती!

आता हे सगळं कुठलं ते सांगते. नॉर्वेचा अगदी वरचा शेंडा, तिथं समुद्राचा एक फाटा डोंगरांत घुसलाय आणि त्याच्या काठावर स्कार्वनेस नावाचं इवलंसं गाव. मी मिरजेची, प्रमिला वाघमोडे, पेशानं नर्स. भाषा शिकून, परीक्षा देऊन तिथल्या वृद्धाश्रमात नोकरीला लागले होते. त्यांना प्रमिला म्हणता येईना, म्हणून मी झाले मिला. गुनवोर म्हणजे गावच्या पोलीस ठाण्याची प्रमुख. साठीला टेकलेली, पुरुषासारखी उंच, बोलणं मोजूनमापून. त्या देशात अहो-जाहो नावाचा प्रकारच नाही. डॉक्टरला तू, साहेबाला तू, पोलिसालाही तू. मी तोंडानं तिला तू म्हणायची आणि मनात मात्र गुनवोरबाई.

आणि बन कसले, तर सूर्याचे. त्या गावात नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगरामागं जातो तो थेट जानेवारी संपताना परत येतो. मधल्या दिवसांत भर दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पडतो, की पुन्हा काळोख. मी पहिल्या हिवाळ्यात अक्षरशः वेड लागायच्या बेतात होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या उन्हातल्या गाईच्या चित्राकडे बघून रडायची, विचारू नका! म्हणून तो परत यायच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, अख्खा गाव टेकडीवर जमतो, दक्षिणेच्या दोन डोंगरांमधल्या खिंडीत त्याची कड दिसते, ती काही मिनिटंच, आणि गेला पुन्हा खाली. कड दिसली की सगळ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढायच्या, मग जाम भरलेले, तुपकट, पिठीसाखर लावलेले गोल बन खायचे. हा त्यांचा सण. दुसऱ्या कुठल्या सणाला इतके डबडबलेले डोळे मी तिथं पाहिले नाहीत.

पण त्याच काळोखात त्या गावात माणसं मरत होती.

तीन हिवाळ्यांत तीन. पहिला एक म्हातारा कोळी, होडी ठेवायच्या खोपीत सापडला. तेव्हा सगळे म्हणाले, बिचारा, दार अडकलं असेल. पुढच्या वर्षी शाळेतली बाई, मग एक विधवा. अंगावर ओरखडा नाही. पायांत बूट नाहीत, हातात मोजे नाहीत, आणि दाराला बाहेरून कडी. कुणीतरी एकट्यादुकट्याला गाठायचं, कुठंतरी कोंडायचं आणि बाकीचं काम थंडीवर सोडून द्यायचं. डॉक्टर म्हणाले, दोन-दोन, तीन-तीन दिवस ती माणसं आत जिवंत होती. आणि कुणीतरी मधूनमधून येऊन त्यांना बघून जात होतं, कारण बाहेरच्या बर्फात उभं राहिल्याच्या खुणा होत्या. राजधानीतले मोठे पोलीस आले, यंत्रं आणली, गावातल्या सगळ्यांच्या थुंकीचे नमुने नेले, परत गेले. लोक एकमेकांना दार उघडेनात. ज्या गावात कुलूप कशाशी खातात ठाऊक नव्हतं तिथं दुकानात कुलपं संपली.

आणि आता सिग्ने. माझ्याबरोबर आश्रमात काम करायची. मी त्या गावात उतरले तेव्हा मला स्टँडवरून घरी घेऊन गेलेली, तिच्याच लाकडी घरात माझी खोली. बर्फावर बदकासारखं चालायचं कसं ते तिनं शिकवलं मला. परवा संध्याकाळी ड्यूटी संपवून निघाली ती घरी आलीच नाही. गाडी बंदराच्या धक्क्यावर सापडली, दार उघडं. सगळे म्हणाले, पाण्यात गेली. दोन दिवस होड्या, पाणबुडे, हेलिकॉप्टर, सगळं पाण्यावरच चाललेलं. मी नर्स आहे, मला हिशोब कळत होता. पाण्यात असेल तर ती केव्हाच गेली. पण त्या खुन्याच्या तावडीत असेल, वाऱ्यापासून आडोसा असेल, तर आजचा दिवस निघेल. उद्याचा नाही. आणि ही बाई मला बन तळायला लावते!

तेवढ्यात दार ढकलून आर्विद आत आला, गार वाऱ्याचा लोट घेऊन. आर्विद गुनवोरचा धाकटा भाऊ. चांगला पंधरा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, हिनंच त्याला वाढवला, लग्न केलं नाही. तो गावातली बर्फ हटवायची गाडी चालवायचा. पहाटे अजून कुणी उठलेलं नसताना त्याचा पिवळा दिवा गल्लीगल्लीतून फिरायचा. माझं अंगण सगळ्यांत आधी साफ करायचा. म्हणायचा, “तू उन्हाच्या देशातली, तुझा हक्क पहिला.” फार आवडायचा मला तो माणूस.

“काही कळलं?” त्यानं विचारलं.

गुनवोरनं नकारार्थी मान हलवली.

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सापडेल, मिला.” मग बहिणीकडे वळला. “अगं, हे आजचं रद्द कर. लोक काय म्हणतील? पोरगी बेपत्ता आणि आपण टेकडीवर बन खातोय?”

“मीही तेच म्हणतेय!” मी म्हणाले. कुणीतरी माझ्यासारखा विचार करणारं भेटलं म्हणून बरं वाटलं मला.

“रद्द नाही करणार,” गुनवोर म्हणाली. “सगळे येणार. तूही येणार.”

“मला वरच्या रस्त्याचा बर्फ काढायचाय.”

“तो नंतर काढ. आईनं एकदा तरी हा दिवस चुकवला होता का? खोकत होती तेव्हासुद्धा तुला कडेवर घेऊन गेली होती ती.”

तो हसला. “येतो गं बाई.” एक गरम बन उचलून फुंकर मारत बाहेर गेला. मी त्याला अजून एक कागदात बांधून दिला. भूक लागली असेल म्हणून.

अकराच्या सुमाराला गुनवोरनं मला पोलिसांच्या जीपमध्ये घातलं. “तुझी पिशवी घे. लोकरीची घोंगडी, गरम पाण्याच्या बाटल्या, जे लागेल ते सगळं.”

“कुठं आहे ती? तुला माहितेय?”

“नाही.”

“मग पिशवी कशाला?”

“लागली तर जवळ पाहिजे.”

जीप हळूहळू टेकडी चढू लागली. बाहेर तो निळा उजेड पडला होता. सगळं निळं. डोंगर, घरं, बर्फ, एकाच कापडातून कापल्यासारखं. मागं गावाच्या पाठीशी उत्तरेचा मोठा उतार, वर वर चढत गेलेला, त्याला ना सुरुवात ना शेवट.

“सगळे पाण्यात शोधतायत,” गुनवोर आपणहून बोलली, असं ती कधी करायची नाही. “गाडी धक्क्यावर होती म्हणून. पण आपण पाण्यात शोधावं असं ज्याला वाटतं त्यानंच ती तिथं नेऊन लावली. सिग्ने जमिनीवर आहे.”

“मग जमिनीवर शोधा ना, बाई!”

“शोधतोय. झोपड्या, खोपी, तळघरं, सगळं बघून झालं. तो परत परत बघायला जातो, म्हणजे बर्फावर त्याचा माग असणार. पण या उजेडात सावलीच पडत नाही. नाकासमोर खड्डा असला तरी दिसायचा नाही.”

“ऊन पडल्यावर दिसेल की!”

“दिसेल. तिरपं ऊन पडलं की एकूण एक रेघ उठून दिसेल. स्कीच्या, कोल्ह्यांच्या, पोरांच्या घसरगाड्यांच्या. चारही बाजूंना उतार, आणि ऊन काही मिनिटांचं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तेवढ्यात कुठली रेघ बघशील तू?”

उत्तर तिच्याकडेही नाही, असंच मला वाटलं. मी तोंड फिरवून बसले.

“टेकडीवर माझ्यापासून लांब जाऊ नकोस,” ती म्हणाली.

अख्खा गाव आला होता. चाकाच्या खुर्च्यांवर आमचे म्हातारे, कातड्यांत गुंडाळलेले. बाबागाड्यांत पोरं. आश्रमातली नव्वदीची म्हातारी खुर्चीतून उठायला बघत होती, तिला दोघींनी धरून बसवली. पण दरवर्षीसारखा कलकलाट नव्हता. लोक एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे होते. शेजारी उभा असलेलाच तो खुनी असेल तर, असं प्रत्येकाच्या मनात. शहरातून आलेले दोन पोलीस साध्या कपड्यांत गर्दीच्या दोन टोकांना उभे होते, हातात कॉफीचे पेले घेऊन. आर्विद दुसऱ्या रांगेत होता, लाल लोकरीची टोपी घालून. मला बघून त्यानं हात हलवला. मी बनांचं ताट घेऊन पुढं उभी राहिले.

टेकडीच्या कडेला एक बसका खडक आहे. दरवर्षी गावातल्या सगळ्यांत लहान पोराला खांद्यावर घेऊन त्याचा बाप तिथं उभा राहतो, पहिलं ऊन पोराला मिळावं म्हणून. आज त्या खडकावर गुनवोर चढली. एका बाईनं शेजारणीकडे बघून भुवया उंचावल्या. मीसुद्धा मनात म्हटलं, बघा, हिला स्वतःला आधी पाहिजे.

मग दूरच्या शिखरांवर रंग चढायला लागला. आधी गुलाबी, मग केशरी. ते वरून खाली उतरत येतं. आवाज नाही, काही नाही. शे-दीडशे माणसं श्वास धरून उभी आणि ते डोंगरावरून आपल्याकडे चालत येतंय. मी सिग्नेला विसरले नव्हते हो, देवाशपथ, पण त्या घटकेला माझं डोकं माझं राहिलं नाही. खिंडीच्या तळाशी एक ठिणगी पडल्यासारखं झालं, ती रुंदावली, आणि तो आला.

काय सांगू तुम्हाला! आपल्याकडे सूर्य रोज डोक्यावर बसलेला, आपण त्याला शिव्या घालतो. ते ऊन गालाला लागलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मेलेलं माणूस दारात येऊन उभं राहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. सगळीकडे टोप्या निघाल्या. पोरं ओरडली, “आला! आला!” म्हातारी हात जोडून बसली होती, कुणी शिकवलं होतं तिला कोण जाणे.

आणि मग माझी नजर खडकावर गेली.

गुनवोर सूर्याकडे पाठ करून उभी होती.

टोपी डोक्यावर तशीच. पाठीवर, खांद्यांवर, कानांच्या कडांवर ऊन, आणि चेहरा सावलीत. साठ वर्षं जी बाई हा दिवस चुकली नाही, ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर सरकत होती, सावकाश, डावीकडून उजवीकडे, एकही न सोडता. सगळ्या गावाचे चेहरे तिच्यापुढं सोन्यासारखे लख्ख उजळलेले, डोळे किलकिले, सगळे एकाच दिशेला. दोन महिने ज्याची वाट बघितली तो समोर आलाय. अशा वेळी कोण दुसरीकडे बघेल?

तेव्हा मला कळलं. ती डोंगरावरची रेघ शोधत नव्हती. ज्याला ठाऊक होतं की आता ऊन पडेल आणि आपली रेघ दिसेल, त्याला ती शोधत होती. म्हणून बन. म्हणून खाटेवरची माणसंसुद्धा. बाई गं, केवढी ही बाई!

तिची नजर थांबली.

मी वळून पाहिलं. सगळ्या उजळलेल्या चेहऱ्यांत एकाच माणसाचा चेहरा नव्हता. लाल टोपीची आणि मानेची मागची बाजू होती. तो उत्तरेकडे, मागच्या उतारावर बघत होता. निमिषभर. मग तो पुढं वळला, सगळ्यांसारखी टोपी काढली आणि सूर्याकडे बघून हसला.

खडकावर गुनवोरनं डोळे मिटले. उघडले. मग तिनं आर्विद बघत होता तिकडे वर पाहिलं, आणि मीही पाहिलं. उतारावर तिरपं ऊन पसरलं होतं आणि त्याच्यावर शंभर रेघा उमटल्या होत्या, सगळ्या निळ्या. पण कुठं बघायचं ते आता माहीत होतं. एक रेघ वरच्या रस्त्यापासून निघून सरळ चढत गेली होती, उताराच्या मधोमध असलेल्या एका करड्या ठिपक्यापर्यंत. महायुद्धात जर्मनांनी समुद्रावर नजर ठेवायला बांधलेली सिमेंटची कोठडी. तशा त्या किनाऱ्यावर कितीतरी आहेत. सिग्ने हरवली त्याच रात्री ती तपासली गेली होती. ती बघून, रिकामी आहे म्हणून सांगत आला होता तो आर्विदच.

गुनवोर खडकावरून उतरली. सावकाश, हात टेकून, एकदम म्हातारी झाल्यासारखी. माझ्या ताटातून तिनं एक बन उचलला. मला वाटलं ती किंचाळेल, धावेल, पिस्तूल काढेल. ती गर्दीतून वाट काढत भावाजवळ गेली, बन त्याच्या हातात दिला आणि त्याच्या दंडात हात घालून उभी राहिली, जशी दरवर्षी राहत असेल. मी तिच्या मागोमाग, ताट हातात तसंच. गर्दीच्या टोकाचे दोघं पोलीस तिच्याकडेच बघत होते. तिनं हनुवटी जराशी हलवली, तसे ते आमच्याकडे यायला लागले.

“आर्विद,” ती हळूच म्हणाली, “जिवंत आहे का ती?”

त्यानं बनाकडे पाहिलं. बोटांना लागलेली साखर पुसली. मी त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधत होते, राग, काहीतरी. काही नव्हतं. माझं अंगण साफ करून झाल्यावर असायचा तसाच तो शांत चेहरा.

“सकाळी होती,” तो म्हणाला.

गुनवोरनं हात पुढं केला. त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. शाळेतून आलेलं पोर घराची किल्ली परत देतं तशी. पोलिसांनी त्याला दोन्हीकडून धरलं. आजूबाजूची माणसं अजून सूर्याकडेच बघत होती. मागं काय घडलं ते पहिल्या रांगेला कळलंसुद्धा नाही.

“मिला, पिशवी,” गुनवोर म्हणाली, आणि पळायला लागली.

पोलिसांच्या, बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवर मी तिच्या पाठीला घट्ट धरून बसले होते. आम्ही चढायला लागलो तेव्हा उतारावर ऊन होतं, अर्ध्यात पोचेपर्यंत ते पायांखालून सरकत गेलं आणि पुन्हा सगळं निळं झालं. त्याच रेघेवरून चाललो होतो आम्ही. मी मोठ्यानं बडबडत होते, मराठीत, अंबाबाईला, सिग्नेला, आईला, कुणालाही.

कोठडीचं दार लोखंडी, गंजलेलं. कुलूप मात्र कोरं. गुनवोरचे हात स्थिर होते. आत काळोख आणि वास. कोपऱ्यात सिमेंटला टेकून सिग्ने बसलेली, गुडघे पोटाशी, पायांत नुसते लोकरीचे मोजे. केसांवर पांढरं दंव. मी हाक मारली. हलली नाही. मानेला बोटं लावली. काही नाही. बोटं तशीच ठेवली, दाबून, श्वास धरून. कितीतरी वेळानं एक ठोका लागला, मग पुन्हा कितीतरी वेळानं एक.

“आहे!” मी ओरडले. “आहे गं, आहे!”

“काय करू सांग,” गुनवोर म्हणाली.

“उचलू नको झटक्यात. हातपाय चोळू नको, काळीज बंद पडेल तिचं. घोंगडी खाली घाल. आणि तुझा कोट काढ, स्वेटर काढ, सगळं काढ. अंगाला अंग लागलं पाहिजे.”

दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, काय, कुठं, कसं. गुनवोरनं वायरलेसवर हेलिकॉप्टर मागवलं आणि एका दमात कमरेपर्यंतचे कपडे उतरवले. बाहेर उणे वीस अंश. तिनं सिग्नेला पुढून कवेत घेतलं, हलकेच, फुटेल अशा वस्तूसारखं. मी सिग्नेच्या काखांत गरम बाटल्या सरकवल्या, वरून सगळ्या घोंगड्या घातल्या आणि मागून तिला चिकटले. बर्फाच्या लादीला मिठी मारावी तसं ते अंग. मी तिच्या मानेवरचं बोट काढलं नाही.

दार उघडंच होतं. खालून, गावातून, आता आवाज यायला लागले होते. कुणीतरी ओरडत होतं, कुणाची तरी बायको रडत होती. बातमी फुटली होती. गुनवोरनं डोकं उचललं नाही.

“तुला आधीपासून माहीत होतं?” मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना मला.

“नाही,” ती म्हणाली. “काल रात्री सगळ्यांची नावं मनात घोकली. कोण मागं बघेल, कोण मागं बघेल. दुकानदार, मास्तर, पाद्री. त्याचं नाव येत होतं आणि मी पुढं जात होते.”

“मग त्याला सोडून बाकीच्यांवर नजर ठेवायची होतीस.”

“तसं केलं असतं तर ही मेली असती.”

आयुष्यात मी फार माणसं पाहिली, शूर पाहिली, हुशार पाहिली. मरणाच्या दारात हसणारी पाहिली, आमच्या धंद्यात ती रोज भेटतात. पण त्या खडकावर, अख्ख्या गावाच्या चेहऱ्यांवरून सरकत सरकत, लाल टोपी जवळ येतेय हे माहीत असूनही जिनं नजर दुसरीकडे वळवली नाही, तिच्यासारखं कुणी पाहिलं नाही. आज मिरजेत, वीस वर्षांनी, हे सांगतानाही माझ्या अंगावर शहारा येतो. आर्विदनं पुढं कोर्टातही, का केलं ते कधी धड सांगितलं नाही. ती दर महिन्याला तुरुंगात त्याला भेटायला जात राहिली. मी तिला कधी त्याबद्दल विचारलं नाही.

“मी त्याला चालायला शिकवलं,” ती सिग्नेच्या केसांत पुटपुटली. “या इथंच. या उतारावर. मी पुढं उभी राहायची आणि तो माझ्याकडे यायचा.”

“गुनवोर, रड गं. थोडं रड.”

“नको. मी हलले तर हिला गार लागेल.”

खरंच हलली नाही ती. माझे हात बधिर झाले, पाय बधिर झाले. बोटाखाली ठोका, मग मोठी पोकळी, मग ठोका. मी मनात म्हणत होते, पुढचा, पुढचा. हळूहळू दोन ठोक्यांमधलं अंतर कमी झालं. आणि मग सिग्नेचं सगळं अंग एकदम जोरात हिसकलं.

गुनवोर घाबरली. त्या अख्ख्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. “काय होतंय तिला? मिला! काय होतंय?”

सिग्नेचे दात कडकड वाजत होते. खांदे, गुडघे, सगळं थडथडत होतं. अंग पार गारठलं की कुडकुडणंच थांबतं. ते परत सुरू झालं म्हणजे जीव परत कामाला लागला. मी रडत होते की हसत होते देव जाणे.

“काही नाही गं,” मी म्हणाले. “थंडी वाजतेय तिला. थंडी वाजतेय! वाजू दे.”

गुनवोरनं ते ऐकलं. तिनं सिग्नेच्या कपाळाला कपाळ टेकवलं. मग तिचेही खांदे हलायला लागले, आधी जरासे, मग आवरेनात इतके. तिला थंडी वाजत नव्हती. मी घोंगडी तिच्या उघड्या पाठीवरून ओढून घेतली आणि हेलिकॉप्टरचा आवाज येईपर्यंत दोघींना धरून बसले.